काकती ते मुंडगोड : पाहुणे आणि घरचे

पुण्याहून बंगळूरकडे निघालेला महामार्ग निपाणी, संकेश्वर मागे टाकून बेळगावच्या वेशीपाशी येतो, तेव्हा वाटेवर काकती हे गाव लागते. कित्तूरची राणी चन्नम्मा हिचा जन्म १७७८ मध्ये याच गावी झाला. एका अंगाला मार्कंडेय नदीचे हिरवे खोरे, दुसऱ्या अंगाला यमनापूरचा ॲल्युमिनियमचा कारखाना आणि होनग्याची औद्योगिक वसाहत, असा या गावाचा शेजार आहे. बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. उसाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या तोडणी मजुरांच्या पालांनी या पट्ट्यातील माळ भरून जातात, आणि हंगाम संपला की माळ पुन्हा ओस पडतो.

असा हा रस्त्यावरचा मुलूख आहे. येथे माणसे सतत येत राहिली. काही पोट भरून परत गेली, काही राहिली. राहिलेल्यांपैकी कोण रुजले, कोण उपरे राहिले आणि तसे का झाले, हे पाहण्याच्या हेतूने आम्ही थंडीच्या दिवसांत काकतीहून दक्षिणेकडे एक प्रवास केला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या वाचकांना हा विषय परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

बेळगाव ओलांडून खानापूरकडे वळले की काळी माती संपते आणि तांबडी सुरू होते. हवेत गारवा येतो. खानापूरच्या पुढे नंदगड लागते. चन्नम्मेचा निष्ठावंत सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये येथेच फाशी दिली, आणि त्याच्या समाधीला आजही लोक भक्तिभावाने येतात. रायण्णाच्या साथीदारांत गजवीर नावाचा एक सिद्दी वीर होता, असे या भागात सांगितले जाते. ‘सिद्दी’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जंजिऱ्याचा अजिंक्य तट उभा राहतो. इतिहासाची आवड असणाऱ्यास अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर आठवतो. परंतु खानापूरपासून पुढे हल्याळ, यल्लापूर, अंकोला या तालुक्यांच्या रानांत जे सिद्दी राहतात, त्यांच्या वाट्याला ना तट आला, ना दौलत.

हेही मूळचे आफ्रिकेचे. पोर्तुगीजांनी मोझांबिक आणि आसपासच्या किनाऱ्यांवरून जी माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली, त्यांपैकी अनेकांचे हे वंशज होत. कोणी मालकाच्या जाचाला कंटाळून पळाले, कोणी मुक्त झाल्यावर निघाले, आणि घाट चढून या जंगलांत शिरले. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६९ मध्ये. तोपर्यंत हे रान हाच त्यांचा आसरा होता. जंगलाने त्यांना लपविले आणि जगविले, पण सातबारा काही दिला नाही. मग कोणाच्या सुपारीच्या बागेत, कोणाच्या भातशेतीत मजुरी करणे, मध आणि रानमेवा गोळा करणे, उचल घेणे आणि ती फेडण्यासाठी पुन्हा राबणे, असे त्यांचे जीवन चालले.

सिद्दी वस्तीत गेल्यावर पहिले आश्चर्य वाटते ते कानांना. चेहरा आफ्रिकेचा, पण बोली कोंकणी, तीही मराठी आणि कानडी शब्दांनी भरलेली. आम्ही मराठीत विचारले, त्यांनी त्यांच्या बोलीत उत्तर दिले, आणि दुभाष्याची गरज पडली नाही. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. ज्या मालकाकडे वा ज्या शेजारात राहिले, त्याचा धर्म बहुधा अंगी लागला. तरीही दमामी नाचाला ढोल लागला की हा भेद मागे पडतो. अंगणात बायका जुन्या साड्यांच्या आणि कापडाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवीत बसतात. त्यांना ‘कवंद’ म्हणतात. आपल्या आजीच्या गोधडीत रंगांची सांगड घालण्याची जी धिटाई असे, तीच येथेही दिसते. अलीकडे या गोधड्या देशाबाहेरच्या प्रदर्शनांतही जाऊ लागल्या आहेत.

२०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील सिद्दींची नोंद सुमारे साडेदहा हजार आहे. चारशे वर्षांच्या आसपास या भूमीत राहिलेला हा समाज मतदार आहे, नागरिक आहे, सर्व अर्थांनी घरचा आहे. आणि तरीही त्यांच्या अनेक घरांखालची जमीन दफ्तरी वन खात्याची आहे.

हल्याळहून कलघटगीच्या बाजूने मुंडगोडला पोचले की चित्र पालटते. रस्त्याच्या कडेला रंगीबेरंगी प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. सोनेरी कळसांचे भव्य मठ उभे आहेत. आखीव रस्ते, क्रमांक दिलेल्या वसाहती, दवाखाना, शाळा, वृद्धाश्रम, सहकारी सोसायटी असे एक नीटनेटके गावच्या गाव समोर येते. ही तिबेटी निर्वासितांची वसाहत होय.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय उतरले. आरंभी त्यांतील कित्येकांनी हिमालयातील रस्त्यांवर खडी फोडली. थंड कोरड्या पठाराची ही माणसे, त्यांना मैदानी हवा सोसेना. पंडित नेहरूंनी राज्यांना जमीन देण्याविषयी विचारले तेव्हा निजलिंगप्पांच्या पुढाकाराने म्हैसूर राज्याने मोठा हात पुढे केला. आधी बैलकुप्पे येथे आणि पुढे १९६६ मध्ये मुंडगोडला वसाहत झाली. मुंडगोडला सुमारे चार हजार एकर जमीन देण्यात आली आणि कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे ती वाटली गेली. ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे प्राचीन मठही येथे नव्याने उभे राहिले.

जंगल तोडणे, हत्तींना हाकणे, पावसाच्या भरवशावर मका आणि भात पिकविणे, हे सारे त्यांना नव्याने शिकावे लागले. शेतीत पोट भरेना, तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग शोधला. लुधियानाहून स्वेटर आणावेत आणि दिवाळीनंतर गावोगाव विकावेत, हा त्यांचा धंदा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, कोणत्याही शहरात थंडी पडली की त्यांची दुकाने रांगेने लागतात, आणि त्यांच्याकडून घेतलेला एक तरी स्वेटर बहुतेक मराठी घरांत सापडेल. हिवाळ्यात मुंडगोडच्या वसाहतीत गेल्यास पुष्कळ घरांत म्हातारी माणसे आणि मुले तेवढी भेटतात, ती यामुळेच.

शिक्षणाची सोयही प्रारंभीच झाली. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्ये स्वतंत्र व्यवस्था निर्माण केली. परदेशी संस्थांची मदत आली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, या समाजाला स्वतःचे कारभारी मंडळ होते, एक धर्म होता, एक नेता होता. मदत आली ती वाटण्यासाठी हात तयार होते. साठ वर्षांत हा समाज आसपासच्या खेड्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आला. त्यांच्या शेतांवर आज शेजारच्या गावांतील मजूर कामाला येतात.

परंतु या सुबत्तेच्या तळाशी एक पोकळी आहे. ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, ती जमीन सरकारची. तिबेट्यांकडे ती केवळ वापरासाठी आहे. तिबेटी माणूस कायद्याने परदेशी ठरतो. त्याला नोंदणीचा दाखला वेळोवेळी नूतन करून घ्यावा लागतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले आणि २०१४ मध्ये त्यांची नावे मतदार यादीत घेण्याच्या सूचनाही निघाल्या. पण २०१७ मध्ये भारतीय पारपत्र हवे असणाऱ्यांपुढे वसाहतीतील वास्तव्य आणि सवलती सोडण्याची अट आली. वडिलांचे घर ठेवावे की देशाचे नागरिकत्व घ्यावे, असा हा पेच आहे. त्यातच तरुण मंडळी अमेरिका, कॅनडा, युरोपकडे निघून जात आहेत. तिबेट्यांच्या स्वतःच्या २००९ च्या गणनेत भारतात सुमारे चौऱ्याण्णव हजार तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या उतरणीला लागली.

म्हणजे एकाला जमीन, शाळा आणि संघटना मिळाली, पण नागरिकत्व नाही. दुसऱ्याला नागरिकत्व होते, पण पायाखालची जमीन नाही. पाहुणा सुखात आहे आणि घरचा ओसरीवर, असे हे विपरीत चित्र आहे. यात तिबेट्यांचा काहीच दोष नाही आणि सिद्दींच्या कष्टांतही उणेपणा नाही. तिबेटी आले ते स्वतंत्र भारताच्या काळात, साऱ्या जगाचे लक्ष असताना. त्यांच्यासाठी शासनाने आरंभीच तीन गोष्टी एकत्र दिल्या. सिद्दी आले ते साखळदंडांत, आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

कागदाचे सामर्थ्य किती, याचे उदाहरण सिद्दींच्याच बाबतीत पाहावे. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला, पण केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. २००६ चा वनहक्क कायदा असे सांगतो की, अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला तर पुरे. इतरांनी मात्र त्या दिवसाआधीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे. परिणाम असा झाला की हल्याळच्या सिद्दीला एक न्याय आणि खानापूरच्या रानातील त्याच्या भाऊबंदाला दुसरा. मधे होती ती फक्त जिल्ह्याची हद्द. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना हा दर्जा मिळण्यास २०२० साल उजाडले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. विधिमंडळात बसणारे त्यांच्या समाजातील ते पहिलेच.

याच रानांत आणखी एक समाज राहतो, आणि त्याच्याविषयी लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हे गवळी धनगर. सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांतून म्हशी घेऊन ते सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेस उतरले. खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड येथे त्यांचे वाडे विखुरले आहेत आणि घरात अजून मराठीच बोलली जाते. जंगलातील चराई आखडत गेली, म्हशी कमी झाल्या आणि हातात मजुरी आली. अनुसूचित जमातीत घ्यावे ही त्यांची मागणी जुनी आहे. ती अद्याप पूर्ण झालेली नाही. त्यामुळे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा त्यांना द्यावाच लागतो. कुरणामागून फिरणाऱ्या माणसाने तो कोठून आणावा? तिबेट्यांना शासन मिळाले, सिद्दींना उशिरा का होईना कायदा मिळाला. आपलीच भाषा बोलणाऱ्या या लोकांना अजून दोन्हींपैकी काही नाही.

हा अनुभव केवळ आपल्या मुलखापुरता नाही. अमेरिकेत मार्शल बेटांवरून आलेले लोक आहेत. त्या बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुस्फोट केले. १९८६ च्या करारान्वये त्यांना अमेरिकेत मुक्तपणे येण्याची, राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली, आणि आर्कान्सामधील स्प्रिंगडेल गावी कोंबड्यांच्या कारखान्यांत ते मोठ्या संख्येने राबतात. पण ते नागरिक नव्हेत. १९९६ मध्ये त्यांची सरकारी वैद्यकीय मदत तुटली, ती २०२० च्या अखेरीस परत मिळाली. याउलट निकाराग्वातील यादवीमुळे पळून आलेल्यांपुढे दार अर्धेच उघडे होते. परंतु १९९७ च्या एका कायद्याने त्यांतील अनेकांना कायमच्या वास्तव्याचा हक्क आणि पुढे नागरिकत्वाचा मार्ग मिळाला. सहज आत आलेला अडून राहिला आणि अडखळत आलेला पुढे गेला. तेथेही उत्तर कागदातच सापडते.

आपण बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसे परगावी रुजलो, ते आपल्या गुणांनी, असे आपण समारंभांत म्हणतो. गुण असतीलही. पण आपले पूर्वज बहुधा सनद, इनाम, नोकरीचा हुकूम किंवा बदलीचा कागद घेऊन निघाले होते, आणि पोचल्यावर त्यांनी प्रथम मंडळ, शाळा, ग्रंथालय काढले. तिबेट्यांनी मुंडगोडला तेच केले. ज्यांच्याजवळ कागदही नव्हता आणि मंडळ काढण्याइतकी उसंतही नव्हती, त्यांच्या मागासलेपणाची चर्चा करताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे बरे.

ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी पावसाळा टाळावा. मुंडगोडच्या वसाहतीत जाण्यास भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. परदेशी पारपत्र असणाऱ्या आपल्या नातलगांना मात्र तो आधी काढावा लागतो. तिबेटी नववर्ष, लोसार, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा स्वेटरवाले घरी परतलेले असतात आणि वसाहत गजबजलेली असते. सिद्दी वस्तीत कवंद घ्यावयाची असेल तर शिवणाऱ्या बाईंकडूनच घ्यावी आणि घासाघीस करू नये. एका गोधडीमागे अनेक दिवसांचे हातकाम असते. आणि वाटेत एखादा धनगरवाडा लागला तर थांबावे, ताक मागावे आणि मराठीत चार शब्द बोलावे. त्यांच्या मुलांना वह्या-पुस्तके, शाळेजवळ राहण्याची सोय आणि जुने दाखले मिळवून देणारा एखादा जाणता माणूस हवा आहे. आपल्या मंडळांच्या वार्षिक अंदाजपत्रकात यांपैकी एखादी गोष्ट बसण्याजोगी आहे.