‘काय खातेस?’ हे मी आता आधी विचारत नाही

लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणं, असं माझं पक्कं मत होतं. बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळी गावात ते पटायलाही सोपं. इथल्या बायका पहाटे भाजीच्या बुट्ट्या घेऊन बेळगावच्या बाजारात पोचतात आणि दुपारी शेतात भांगलतात. त्यांच्यात एखादी जाड दिसली की ‘खाऊन सुस्तावली’ एवढंच लोक म्हणतात. बायकांचा सकाळचा योगवर्ग घ्यायला लागले तेव्हा मीही तेच म्हणत होते, फक्त जरा गोड शब्दांत. भात कमी करा, चहातली साखर बंद करा, रोज चाला.

आता मी तसं मानत नाही. मत बदललं ते वर्गातल्या एका बाईमुळे. तिची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, आणि जेवढं लिहितेय तेवढ्याला तिची संमती आहे. तिच्याइतकी नेमानं येणारी दुसरी नव्हती. वजन छान उतरलं, झंपर आत घ्यावे लागले. मग एका लग्नात पाहुण्यांतला कुणीतरी म्हणाला, “वैनी, वळखूच येईना झालाय की!” म्हणणाऱ्याच्या लेखी ते कौतुक. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला आली नाही, आणि दिवाळीपर्यंत वजन होतं तिथं परत.

मी तिच्या घरी गेले ती चार शब्द सुनवायलाच. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “जाड असलं की माझ्याकडं कोण बघत न्हाई, बाई. बरं वाटतं.” मग थोडं थोडं करून बाकीचं बाहेर आलं. लहानपणी, आजोळी, घरातलाच माणूस. आईला सांगितलं तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून रात्री सगळे झोपले की ती उठून गूळ, शेंगदाणे, शिळी भाकरी, हाताला लागेल ते खायची. खाल्लं की छातीतली धडधड थांबायची. अजूनही तिचं खरं जेवण ते रात्रीचंच.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात १९८५ च्या सुमारास हेच घडत होतं. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं, तेच उपचार सोडून जात होते. एक तरुणी वर्षभरात १८५ किलोंवरून ६० वर आली आणि एका सहकाऱ्यानं नको ती मागणी करताच तीन आठवड्यांत १७ किलोंनी वाढली. खोलात विचारपूस केल्यावर अनेकांच्या लहानपणीचे अत्याचार उघड झाले. पुढं फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो माणसांची पाहणी केली. १९९८ मध्ये ती छापून आली. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातली दारू अशा गोष्टींपैकी चार किंवा जास्त ज्यांच्या वाट्याला लहानपणी आल्या, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका ४ ते १२ पट निघाला. तीव्र लठ्ठपणाचा मात्र साधारण दीडपट. हा दुसरा आकडा मला मुद्दाम सांगायचाय. प्रत्येक जाड बाईमागं असलं काही असतंच असं नाही, आणि तसा संशय घेणं हाही तिच्यावर अन्यायच.

सतत भीतीत वाढलेल्या शरीरात ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, झोप मोडते, चरबी पोटाभोवती साठते. गोडधोड, तेलकट खाल्लं की तो ताण थोडा वेळ खरंच उतरतो. नैराश्य आलं की हिंडणंफिरणं थांबतं. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. इतकी कारणं एकात एक अडकलेली असताना मी तिला ‘भात कमी कर’ सांगत होते.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला सारता येत नाही. आपल्या केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. ‘घरची अब्रू’ म्हणून आपण नक्की कुणाला जपतो, याचा मला फार राग येतो.

सगळं खापर बालपणावर फोडून साखर-बीपी थांबणार आहे का, असं वर्गातल्याच एकीनं विचारलं. नाही थांबणार. चालणं, मोजकं खाणं लागतंच. पण रात्रीचं खाणं हाच जिचा एकमेव आधार आहे, तिचा तो आधार काढून घेण्याआधी दुसरा द्यायला हवा. म्हणून वर्गात मी आता सगळ्यांसमोर वजन करत नाही. ‘किती बारीक झालीस’ हे कौतुकही बंद केलंय. आधी विचारते, झोप कशी लागते?

ती बाई आता समुपदेशनाला जाते. वजन फारसं हललेलं नाही. रात्री उठणं कमी झालंय. आमच्याकडं मराठी बायकांना भाषेचीही अडचण असते. कन्नडमध्ये बाजार करता येतो, आजोळी काय झालं ते सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ वर फुकट आणि रात्रंदिवस बोलता येतं, मराठी निवडून. घरच्या फोनवरून बोलायची सोय नसेल तर माझा फोन घ्या आणि मागच्या खोलीत बसून बोला, हे मी वर्गात प्रत्येकीला सांगितलंय. दोघी येऊन बोलून गेल्या.