जीप : गुण आणि दोष

माणसाची परीक्षा प्रसंगी होते आणि वाहनाची परीक्षा रस्ता संपल्यावर होते. सरळ, डांबरी, दिव्यांनी उजळलेल्या मार्गावर कोणतीही गाडी शहाणी दिसते. परंतु जेथे डांबर संपते, पुढे काळ्या मातीचा चिखल सुरू होतो आणि ओढ्यावर पूल बांधायचे कोणाला सुचलेले नसते, तेथे पुष्कळ सुंदर गाड्या मान खाली घालून परत फिरतात. अशा ठिकाणी पुढे जाणारे जे एक ओबडधोबड वाहन आहे, त्याचे नाव जीप. या वाहनाची स्तुती करणारे लोक फार आहेत. त्याला नावे ठेवणारेही थोडे नाहीत. आमच्या घरी एक जुनी जीप असल्यामुळे दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्हांला रोज जेवताना ऐकावे लागते. ‘आपला तो बाब्या’ या न्यायाने आम्ही तिची बाजू घेऊ, अशी शंका वाचकांना येईल. म्हणून गुण आणि दोष हे दोन्ही तराजूत घालून मगच निवाडा देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तिचे कुलवृत्त सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने अवघ्या काही आठवड्यांत पहिला नमुना करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपले, पण गाडी उरली; सैनिक उतरला आणि शेतकरी चढला. आपल्या देशात महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईस विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. आमच्या मध्य प्रदेशाचाही या कुळाशी संबंध आहे. जबलपूरच्या सैनिकी वाहनांच्या कारखान्यात ‘जोंगा’ नावाची दांडगी गाडी १९६९ पासून १९९९ पर्यंत तयार होत असे. १९८५ साली मारुतीची ‘जिप्सी’ आली. कान्हा, पेंच, सातपुडा या अरण्यांत वाघ पाहावयास गेलेल्या आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण तिच्यातच बसून परतले असतील.

आमचे वास्तव्य भोपाळच्या नेहरूनगरात आहे. १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था येथील टेकडीवर आहे, आणि खाली भदभद्याचे दरवाजे आहेत. पावसाळ्यात मोठा तलाव १६६६.८० फुटांच्या खुणेस टेकला म्हणजे ते दरवाजे उघडतात आणि सारे शहर पाणी पाहावयास लोटते. आमचे आजोबा मात्र अशा दिवशी पाणी पाहावयास न जाता रायसेनकडील खेड्यांत जात. शेतीचे पंप दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. तोच आता आमचे वडील चालवितात. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. त्या लोण्यात रुतणार नाही असे वाहन हवे, म्हणून आजोबांनी एका लिलावात ही जीप घेतली.

आता गुण. जीपचा पहिला गुण तिच्या दोन लहान दांड्यांत आहे. मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी या दोन दांड्या असतात. एकीने पुढची चाके इंजिनास जोडता येतात. दुसरीने वेग निम्म्याहून कमी होतो आणि त्याच प्रमाणात चाकांची ओढ वाढते. साध्या गाडीचे मागचे चाक चिखलात सापडले, की ते जागच्या जागी फिरून स्वतःचीच कबर खणते. जीपची पुढची चाके त्याच वेळी कोरडी जमीन धरून गाडीस बाहेर ओढतात. दुसरा गुण तिच्या अंगाचा. जुन्या विलीजच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ८० इंच, म्हणजे सात फूटसुद्धा नाही. त्यामुळे ती बैलगाडीच्या वाटेवर वळते आणि बांधावरून जाताना तिचे पोट टेकत नाही. तिसरा गुण साधेपणाचा. सपाट पत्रा, पाट्यांच्या कमानी, उघडेवाघडे इंजिन. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो आणि गावचा लोहारही हात घालू शकतो. आजोबा म्हणत, “हिला डॉक्टर लागत नाही, वैदू पुरतो.”

हे गुण केवळ कागदावरचे नव्हेत. एका श्रावणात आमचे वडील रायसेन जिल्ह्यातील एका गावी पंप बसवीत असता एका शेतकऱ्याच्या मुलाला साप चावला. पक्क्या सडकेपर्यंत चार किलोमीटरचा चिखल होता आणि मध्ये ओढा भरलेला. एक ट्रॅक्टर होता, तो अगोदरच रुतून बसला होता. वडिलांनी पाण्यात उतरून काठीने तळ चाचपला, मुलाला पुढच्या आसनावर त्याच्या आईच्या मांडीवर दिले आणि धाकटा गिअर टाकून माणसाच्या चालीने जीप ओढ्यात घातली. जिल्ह्याच्या रुग्णालयात मुलाला वेळेवर औषध मिळाले. तो वाचला. त्या घरून अजून दर वर्षी आमच्याकडे हरभऱ्याची गाठोडी येते.

परंतु न्यायाधीशाने एकाच साक्षीदाराचे ऐकून चालत नाही. जीपचे दोष गुणांइतकेच खरे आहेत. पाट्यांच्या कमानी वजन पेलतात, पण खड्डा लपवीत नाहीत. तो बसणाऱ्याच्या मणक्यास जसाच्या तसा पोचवितात. आमच्या आजीने तर मंदिरात पायी जाणे पत्करले. इंजिनाचा आवाज इतका, की आत बसून बोलणाऱ्याला सभेतील वक्त्याप्रमाणे ओरडावे लागते. पावसात ताडपत्रीच्या हुडातून पाणी नेमके मानेवर गळते. इंधनाच्या बाबतीत तिची भूक पाहुण्या पैलवानाची. हे दोष आपण हसून सोसतो. पण एक दोष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जी जीप उंच आहे म्हणून दगडावरून जाते, तीच उंच आणि अरुंद आहे म्हणून वेगात वळताना कलंडू शकते. जी आखूड आहे म्हणून शेतात वळते, तीच राजमार्गावर जोराने ब्रेक दाबता अस्थिर होते. चारही चाकांची जोडणी चिखलात उपकारक, पण कोरड्या डांबरावर तशीच ठेवली तर वळणात यंत्रावर ताण येतो. कारण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडतात आणि जोडणी त्यांना तसे करू देत नाही.

या दोषाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आमच्या जीपच्या मागील भागात एका गॅरेजात बसवून घेतलेली दोन आडवी बाकडी होती. गुडघ्यास गुडघा लावून आम्ही सारी भावंडे त्यांवर बसत असू. गेल्या वर्षी नीलबडकडून परतताना रस्त्यात एकाएकी वासरू आले. वेग फार नव्हता. वडिलांनी ब्रेक दाबला, वासरू वाचले. पण आमची धाकटी बहीण बाकड्यावरून घसरून लोखंडी कडेवर आपटली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. त्या बाकड्यांना ना पट्टा होता, ना धरावयास कडी.

त्या रात्री आमच्या घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, “नाना, ही गाडी उद्याच्या उद्या विका. मला दारात दिसायला नको.” आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, त्या ओढ्यातल्या पोराला हिनेच आणलं ना?” आई म्हणाली, “आणलं. आणि माझ्या पोरीचा हातही हिच्यातच मोडला. एकीचं पुण्य दुसरीच्या खात्यात कसं मांडायचं?” यावर कोणापाशीही उत्तर नव्हते. आम्हांस दोघांचेही पटत होते, आणि हेच अवघड होते.

आठ दिवस गाडी दारात उभी राहिली. अखेर निवाडा वडिलांनी दिला. ते म्हणाले, “नाना, आपण हिला दोन कामं सांगत आलो. एक ती जाणते; दुसरं तिला कधी येतच नव्हतं.” त्यांनी दोन्ही बाकडी काढून भंगारात दिली आणि पुढच्या दोन आसनांना पट्टे बसवून घेतले. घरात नियम झाला : जीपमध्ये दोघांनीच बसायचे, पट्टा बांधून, राजमार्गावर ती न्यायची नाही, लग्नकार्यास व सहलीस सारे बसने जातील. आजोबांनी नियम ऐकला आणि स्वतःच उठून जीपची किल्ली आईच्या हाती दिली. वडिलांना पावसाळ्यात ती आता आईकडून मागून घ्यावी लागते.

आमचा निवाडाही याहून निराळा नाही. जीपचे गुण आणि दोष हे दोन वेगळे ढीग नव्हेत. एकाच उंचीला चिखलात गुण म्हणतात आणि वळणावर दोष. तेव्हा गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोठे न्यायची आणि तीत कोणाला बसवायचे, हे मालकाने ठरवावयाचे असते. बहिणीचे मनगट जुळले असून तिचे अक्षर पूर्वीसारखेच वाईट येते. मागच्या जागेत आता पंप बसतात, आणि त्यांची अद्याप काही तक्रार आलेली नाही.