संगणक सुरू, सेवा बंद

३१ जुलै २०१२ रोजी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज एकाच वेळी गेली. आदल्या दिवशी पहाटेही उत्तरेचे वीजजाळे कोसळले होतेच. मी तेव्हा दिल्लीतील एका कार्यालयात होतो. आमच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांचे अर्ज घेणे चालू होते आणि नेमकी त्याच दिवशी मुदत संपत होती.

संध्याकाळी वीज आली, सर्व्हर सुरू झाला, आम्ही निश्चिंत झालो. तेवढ्यात लातूरहून एका पालकांचा फोन आला, "साहेब, आमच्याकडे लाईट आहे, इंटरनेट आहे, तुमचं पान मात्र उघडत नाही." महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात असल्याने तिकडे वीज गेलीच नव्हती.

संगणक चालू होता, पण त्यावरील अपाचे हा वेब सर्व्हर हाताने सुरू करावा लागे. ती आज्ञा एकाच कंत्राटी मुलाला ठाऊक, आणि तो रजेवर फरीदाबादला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने येऊन एक ओळ टंकली आणि पान उघडले. मुदतवाढीसाठी मला मात्र तीन टेबलांवर फाईल फिरवावी लागली.

हे आपोआप का होत नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "होतं की सर. 'स्टार्ट' म्हणजे आजपुरतं, 'चेककॉन्फिग ऑन' म्हणजे दर वेळी." रेड हॅट लिनक्समध्ये तेव्हा सेवांची क्रमवार यादी असे. नेटवर्कचा क्रमांक १०, वेब सर्व्हरचा ८५. आधी रस्ता, मग दुकान. आता बहुतेक ठिकाणी हे काम सिस्टिमडी करते आणि आज्ञेतला शब्द 'एनेबल' आहे. भेद तोच.

प्रशासनात आपण बहुधा 'स्टार्ट'वरच थांबतो. तडफदार अधिकारी येतो, काम सुरू होते. त्याची बदली झाली की ते बंद पडते. माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नेमके याच्या उलट सांगते: नागरिकाने मागण्याची वाट न पाहता कार्यालयाने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी.

त्या सकाळी मी ती दुसरी ओळही टंकून घेतली. मग सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. कोणीही हात न लावता पान उघडले, तेव्हाच उठलो. माझ्यामागे चालू राहिलेल्या कामांची यादी फार लांब नसावी. पण हे एक काम तिच्यात आहे.