हिरवं कासव

लिनक्स आमच्या घरी पहिल्यांदा टपालानं आलं. उबुंटूच्या सीडी त्या काळी जगभर फुकट पाठवल्या जायच्या. 2011 मध्ये ती योजना बंद झाली. घरात संगणक एकच, त्यावरचं विंडोज काढायची सोय नव्हती. म्हणून लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये घातलं. चालायचं, पण रखडत. बायोसमध्ये शिरून प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, तेव्हा कुठे त्यात जीव आला. इंटेलनं ही सोय 2005 मध्येच आणली होती, पण कित्येक मशीनवर ती बंदच असायची.

पुढे उबुंटू 12.10 आलं आणि पुन्हा तेच. युनिटी डेस्कटॉपची हलकी टू-डी आवृत्ती त्यातून काढून टाकली होती. मराठी टाइप करायला बसलो की 'क्ष' पडद्यावर उमटेपर्यंत बोटं पुढच्या शब्दावर पोचलेली असायची. जो तो सांगे, रॅम वाढव, कोअर वाढव. टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' चालवलं, तर रेंडररच्या ओळीत नाव होतं 'एलएलव्हीएमपाइप'. म्हणजे ग्राफिक्स कार्डापर्यंत काम पोचतच नव्हतं. खिडकीची प्रत्येक सावली, प्रत्येक पारदर्शक पट्टी प्रोसेसरच रंगवत होता. पंगतीत आचाऱ्यालाच वाढायला लावावं, तसं. अशा वेळी रॅम ओतून काय होणार? व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवल्या, थ्री-डी अ‍ॅक्सिलरेशनवर खूण केली, व्हिडिओ मेमरी 128 एमबीवर नेली, आणि अक्षरं बोटांबरोबर धावू लागली. जिथे एवढ्यानंही भागलं नाही, तिथे एक्सएफसीई घेतलं. तो डेस्कटॉप मला मनापासून आवडतो. त्यात दिखावा नाही, म्हणून प्रोसेसरला रंगवायलाही फारसं काही नाही.

हल्ली भाचीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तीच तक्रार. रॅम भरपूर, तरी व्हर्च्युअलबॉक्समधलं लिनक्स ढिम्म. खिडकीच्या तळाच्या पट्टीत चिमुकलं हिरवं कासव बसलेलं. विंडोजचा हायपर-व्ही आधीच प्रोसेसरचा ताबा घेऊन बसला असला, की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. ते कासव त्याचीच खूण.

"मामा, याला सगळे कोअर देऊन टाकू?"

"नको गं. होस्टला काही उरलं नाही, तर दोघंही अडतील."

विंडोजमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद केली, तर बरेचदा कासव जातं. पण ती विंडोजच्या गाभ्याची राखण करते, आणि हिची बँकेची कामंही याच लॅपटॉपवर चालतात. मी ती बंद करू दिली नाही. थोडी गती गेली तर जाऊ दे. अर्धे कोअर दिले, एक्सएफसीई बसवलं. सी भाषेची तिची प्रॅक्टिकल्स त्यावर व्यवस्थित होतात.