फाईलवरचं प्रश्नचिन्ह

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लिहिलंय, 'मधुमेह, टाइप २?' शेवटचं प्रश्नचिन्ह त्यांनी मुद्दाम काढलेलं आहे. ते अजून पुसलं गेलेलं नाही.

सुरुवात २०२२च्या फेब्रुवारीत झाली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचो. तांब्याभर पाणी प्यायलो तरी घसा कोरडा. वजन ६१ किलोवरून ५४वर आलं. अम्मी म्हणाली, "नजर लागलीय तुला." मी म्हटलं, पेपर तपासून तपासून झोप होत नाही, त्याचं आहे सगळं. राजिवड्यातून भाट्याच्या पुलापर्यंत रोज चालत जाणारा, बारीक अंगाचा, एकेचाळीस वर्षांचा शिक्षक मी. मला कशाला होतेय साखर?

उपाशीपोटी साखर निघाली २३६. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, १०.२. निदानाला १२६ आणि ६.५ पुरेसे असतात.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं, टाइप २. गोळ्या घ्या, भात कमी, आंबा बंद. कोकणात एप्रिलच्या तोंडावर आंबा बंद म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल. मी सगळं पाळलं. सहा आठवड्यांनी साखर दोनशेच्या खाली यायला तयार नाही आणि वजन आणखी एक किलो उतरलेलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांआधी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "सर, तुमच्याबाबत मला खात्री नाही," म्हणाले. टाइप १ लहान मुलांचा आणि टाइप २ मोठ्यांचा, असं आपण समजतो. पण टाइप १मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, आणि हे कुठल्याही वयात होऊ शकतं. मोठेपणी ते कधीकधी सावकाश होतं. त्याला 'लाडा' म्हणतात. सुरुवातीला तो टाइप २सारखाच दिसतो. ब्रिटनच्या थेरेसा मे यांना २०१२मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, टाइप २ सांगून गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या वर्षी कळलं की तो टाइप १ आहे.

"मग मी बारीक आहे म्हणजे टाइप १च ना?" मी विचारलं. तेही इथे खात्रीनं म्हणता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आतून चरबी बाळगून असतो. त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडे बारीक माणसालाही टाइप २ होतो.

रक्ताचा नमुना मुंबईला गेला, जीएडी अँटिबॉडीसाठी. ती भरपूर निघाली तर टाइप १. माझी निघाली मर्यादेच्या जराशीच वर. एवढी तर मधुमेह नसलेल्या काही लोकांतही सापडते. डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं.

तेवढ्यात रमजान आला. डॉक्टर म्हणाले, साखर स्थिर नाही, यंदा रोजे नकोत. आजाऱ्याला सवलत आहे, हे मला लहानपणापासून पाठ. पण पाठ असणं वेगळं आणि दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून एकट्यानं जेवणं वेगळं. माझा बारा वर्षांचा मुलगा रोज्यात आणि मी लपून भात खातोय.

मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, "बरं होण्यासारखा आजार असेल तर नंतर कजा रोजे ठेवायचे. बरं होण्याची आशाच नसेल तर रोजामागे एका गरिबाला जेवण, फिद्या. तुमचा कुठला, ते डॉक्टरांना विचारून या." डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. "मधुमेह जाणार नाही. पण रोजे कधी झेपतील का, ते आज सांगता येत नाही," म्हणाले. मी फिद्याचे पैसे दिले आणि तरीही वहीच्या मागच्या पानावर तीस रेघा ओढून ठेवल्या. त्याच वहीत पुढून साखरेचे आकडे लिहायचो.

डिसेंबरात दिवस लहान असतो. डॉक्टरांना विचारून, इन्सुलिन कमी करून, एक रोजा ठेवला. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. सकाळी ११८. दुपारी एकला ८९. साडेतीनला हात थरथरायला लागले, ६४. सत्तरच्या खाली गेली की रोजा सोडायचा, हे आधीच ठरलेलं. मगरिबला अडीच तास होते. मी मशीन पुन्हा लावलं, आकडा बदलेल म्हणून. ६१. मुलानं काही न बोलता साखरेचं पाणी करून पुढे ठेवलं. त्या दिवसापासून मी दार लोटून जेवणं बंद केलं.

सल्ले देणाऱ्यांना मात्र कसलीच शंका नसते. एक नातेवाईक कारल्याची पूड घेऊन आले. "इन्सुलिनची सवय लागते, सोडून दे." आजार टाइप १कडे झुकत असेल तर इन्सुलिन सोडल्यावर रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो. पूड ठेवून घेतली, इन्सुलिन सोडलं नाही.

२०२५मध्ये सी-पेप्टाइड केली. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइडही रक्तात सोडतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून घरचं उत्पादन किती, ते त्यावरून कळतं. ०.६पेक्षा कमी असेल तर टाइप १, १.८च्या वर असेल तर बहुधा टाइप २. माझं आलं १.१. डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघून या वेळी मात्र हसलो. काही वर्षांनी पुन्हा करू, म्हणाले.

आजाराला नाव मिळालं की निम्मं ओझं उतरेल, असं मला वाटायचं. तसं झालं नाही आणि तरी तीन वर्षं निघाली. एचबीए१सी आता ६.९ आहे. मी मोजतो, लिहितो, रात्री दहाला सुई टोचतो, हापूसची एक फोड खातो आणि दोन तासांनी पुन्हा मोजतो. खात्रीनं चुकीचं सांगणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपेक्षा 'खात्री नाही' म्हणणाऱ्या दुसऱ्यांनी मला वाचवलं, एवढं मला कळलं आहे.

तुम्ही तिशी ओलांडलेले असाल, वजन आपोआप उतरत असेल आणि गोळ्या घेऊनही साखर हटत नसेल, तर डॉक्टरांना या दोन तपासण्यांबद्दल नक्की विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारा.