जादा घोडा

जर्मनच्या वर्गात बाईंनी 'प्फेअर्ट म्हणजे घोडा' एवढं सांगून पुढचा शब्द घेतला, आणि माझं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. जर्मनमध्ये घोड्याला जुना 'रोस' होताच, इंग्रजी 'हॉर्स'चा सख्खा भाऊ. मग हा प्फेअर्ट कुठून घुसला?

ग्रंथालयात फ्रीडरिश क्लुगे यांचा व्युत्पत्तिकोश काढला. 1883 साली पहिल्यांदा निघालेला हा कोश अजूनही अभ्यासकांच्या हाताशी असतो. नोंदीत लॅटिन शब्द होता, 'पारावेरेदुस'. 'वेरेदुस' हा रोमन सरकारी टपालाचा घोडा, आणि तो शब्दही रोमनांनी गॉलमधल्या केल्टिक लोकांकडून उचललेला. 'पारा' ग्रीक, म्हणजे बाजूचा. हमरस्ता सोडून आडवाटेला जाण्यासाठी लागणारा जादा घोडा तो पारावेरेदुस. डोकं ग्रीक, धड केल्टिक, शेपूट तेवढं लॅटिन!

एवढा लांबलचक शब्द झिजत झिजत प्फेअर्ट झाला. सुरुवातीच्या 'प'चा 'प्फ' होणं हा मात्र नियम आहे. इसवी सन 600च्या आसपास दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत हा बदल सुरू झाला. आधी आलेल्या लॅटिन 'पिपेर'चा 'प्फेफर' झाला (त्याचं मूळ आपली पिंपळी), 'पोंदो'चा 'प्फुंड'. नंतर आलेला 'पापिअर', म्हणजे कागद, 'प'च राहिला. शब्द केव्हा आला हे त्याच्या पहिल्या अक्षरावरून कळतं, याची मला भलतीच मौज वाटली.

पण टपालाचा घोडा सगळ्या घोड्यांचं नाव का व्हावा? आठव्या शतकातल्या बव्हेरियाच्या कायद्यात चर्चच्या जमिनी कसणाऱ्यांनी असे घोडे पुरवावेत, नाहीतर स्वतः कामाला जावं, असं कलम आहे. आपल्याकडच्या वेठीचाच प्रकार. सरकारदरबारी ज्या नावाने मागणी होते तेच नाव लोकांच्या तोंडी बसतं, असं मला वाटतं.

जुन्या शब्दांना तसंही घोडा लाभत नाही. लॅटिन 'एक्वुस' हा संस्कृत 'अश्व'चा नातलग. फ्रेंचांनी तो सोडून 'काबालुस'पासून 'शव्हाल' केला, आपण 'घोटक'पासून घोडा. रोस मात्र पुरता हटला नाही. बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या बोलींत घोडा अजून रोसच आहे.