तारांची नावं

आम्ही दोघे भाऊ, एक पेणला राहतो, एक रोह्याला. पाण्याच्या मोटारीचे कंट्रोलर बनवणं हे आमचं काम. बोर्डाचा सर्किट नकाशा एका पानात मावत नाही, पाच पानं होतात. सप्लाय, रिले आणि डिस्प्ले पेणला काढतो, प्रोसेसर आणि टाकीचे सेन्सर रोह्याला. एका पानावरून दुसऱ्या पानावर तार ओढता येत नाही. तिथे फक्त नाव जातं.

घरच्यांना आम्ही हे असं सांगतो. घरात 'अब्बा' म्हटलं की घोटाळा होत नाही. तीच हाक भर बाजारात मारली तर निम्मा बाजार मागे वळेल. किकॅडमध्ये साधं लेबल त्या पानापुरतं असतं, ग्लोबल लेबल सगळ्या पानांवर ऐकू जातं. म्हणून ग्लोबल नाव आम्ही ग्राउंड आणि सप्लायलाच देतो, तेही पूर्ण: 'पाच व्होल्ट', 'बारा व्होल्ट'.

एका ओळखीच्या गृहस्थांनी आपला नकाशा आमच्याकडे तपासायला पाठवला होता. दोन पानांवर दोन सप्लाय, एक बारा व्होल्टचा, एक पाचचा, आणि दोघांचं नाव 'व्हीसीसी'. नाव एक म्हणजे तार एक, असंच सॉफ्टवेअर धरतं. त्याने चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने ती तार कुठे कुठे उजळते ते पाहिलं. रिलेच्या बारा व्होल्टबरोबर प्रोसेसरचा पायही उजळला! वीस बोर्डांची ऑर्डर दुसऱ्या दिवशी जाणार होती.

आमची खरी भांडणं टीएक्स-आरएक्सवरून. एकाची टीएक्स ती दुसऱ्याची आरएक्स. तोडगा रेल्वेने दिला. मुंबईकडे जाणारी गाडी पेणला अप आणि रोह्यालाही अपच. आता आम्ही 'प्रोसेसर ते डिस्प्ले' असंच लिहितो. लांबलचक दिसतं, पण कुठल्याही पानावर उभं राहून वाचा, अर्थ तोच.

तारा फार झाल्या की त्यांचं बोचकं बांधतो. आल्टियममध्ये याला सिग्नल हार्नेस म्हणतात, किकॅडमध्ये ग्रुप बस. पान स्वच्छ दिसतं, पण बोचक्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही. एका टोकाला 'क्लॉक' आणि दुसऱ्या टोकाला 'सीएलके' लिहिलं तर बोचकं पोचतं, आतली तार पोचत नाही. त्यामुळे तारांची यादी आधी एका वहीत उतरते, मगच कोणी माऊसला हात लावतो. ती वही सध्या रोह्याला आहे, म्हणून पेणचं डिस्प्लेचं पान थांबलंय.